शांत गट

मोठ्या उंदरानं लहान्याला कोपऱ्यात दाबलं, मानेत दात रोवले आणि सोडलंच नाही. लहान्याचे मागचे पाय भुशावर नुसते झाडत होते. पिंजऱ्याच्या काचेवर रक्ताचे बारीक ठिपके उडाले.

"विजया, बास," मॅडम म्हणाल्या.

"वेळ व्हायचीय अजून, मॅडम."

"बास म्हटलं ना."

त्यांनी जाळीचं झाकण उचलून उघडा हात आत घातला. चवताळलेल्या नराच्या पिंजऱ्यात असा हात घालणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. मोठा उंदीर मागं सरला. मॅडमनी हरलेल्याला उचललं, तळव्यानं त्याचे डोळे झाकले आणि माझ्यासमोर पात्याच्या खाचेत त्याची मान धरली. मी दांडा खाली ओढला. डोकं ट्रेमध्ये पडलं, धड त्यांच्या हातात झटके देत राहिलं. कवटी फोडून मेंदू बाहेर काढायचा, ब्लेडनं डावीकडे एक बारीक खाच पाडायची आणि लगेच गोठवायचा. जीव गेल्यावर मेंदूतली रसायनं भराभर बदलतात, म्हणून इथं कुणी कुणासाठी थांबत नसे. हरलेल्यांना डावीकडे खाच, शांत गटाला उजवीकडे. ती खाच कायम मॅडम पाडायच्या, कारण माझा हात जड होता.

पुण्यापासून तासाभरावर, माळावर आमची संस्था होती. आम्ही मारामारीचा अभ्यास करायचो. गोठवलेल्या मेंदूचा कागदाहून पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर एक द्रावण फवारायचं आणि पट्टी यंत्रात सरकवायची. आतला लेझर त्या कापावरून ठिपक्याठिपक्यानं फिरतो, प्रत्येक ठिपक्यातले रेणू उडवतो आणि यंत्र त्यांचं वजन करतं. वजनावरून कळतं की इथं डोपामिन किती, सेरोटोनिन किती, नॉरॲड्रेनलिन किती. या पेशीनं त्या पेशीला धाडलेले निरोप म्हणा ना. मग पडद्यावर मेंदूचा रंगीत नकाशा उमटतो. सरांनी रंग असे ठरवले होते की भीतीच्या जागा शांत असतील तर निळं दिसावं आणि पेटल्या असतील तर लाल.

सर म्हणजे डॉ. अच्युत रिसबूड. हेमांगी मॅडम त्यांच्या पत्नी. सरांचा आवाज कधी चढला नाही. इतक्या हळू बोलायचे की ऐकायला पुढे वाकावं लागायचं आणि माणूस वाकला की अर्धा हरतोच. मी गडहिंग्लजची. आमच्याकडे "जेवलास का" हेसुद्धा भांडल्यासारखं विचारतात. त्यामुळे सुरुवातीला मला सर म्हणजे देवमाणूस वाटायचे. बाहेरून पाहुणे आले की सर नाव झाकून नकाशे वाचायचे. हा जिंकलेला, हा हरलेला, हा शांत. कधी चुकले नाहीत. पाहुणे माना डोलवायचे आणि मॅडम मागे उभ्या राहून चहाचे कप गोळा करायच्या. डॉक्टरेट त्यांचीही होती.

पण प्राण्यांच्या खोलीत सर पाऊल टाकत नसत. ते राज्य मॅडमचं. तिथं पावडर नको, केसांना तेल नको, गजरा नको, साबण तर मुळीच नको. शांत गटातले उंदीर झुंज कधी बघत नसत. मॅडमच्या हातांची त्यांना सवय व्हावी म्हणून मरायच्या आधी आठवडाभर त्यांच्या घरट्यात मॅडमच्या जुन्या कुर्त्याचा एक तुकडा ठेवलेला असायचा. तो फक्त साध्या पाण्यातून काढायचा, म्हणजे अंगाचा वास टिकतो. त्या वासात झोपलेला उंदीर पात्याखालीसुद्धा मॅडमच्या हातात अंग सैल सोडून पडायचा. त्याचा नकाशा निळाशार यायचा. आमचं सगळं काम त्या निळ्यावर उभं होतं. लाल किती लाल आहे, हे निळ्याशेजारी ठेवल्याशिवाय सांगायचं कसं?

आणि त्या उन्हाळ्यात शांत गट लाल आला.

एखादा नाही, सगळे. यंत्र चालवायचा मिरजेचा इरफान मुजावर. त्यानं पडदा माझ्याकडे वळवला आणि डोकं खाजवलं.

"हे काय शिजवून आणलंस गं?"

"गप बस की. परत लाव."

परत लावलं. फवारा तपासला, नवीन काप घेतले, पट्ट्या बदलल्या. मेंदूच्या खालच्या बाजूला भीतीची जी बदामाच्या आकाराची जागा आहे, ती तशीच लालभडक. झुंजीत हरलेल्यांपेक्षाही लाल. माझा प्रबंध संपत आला होता आणि हा शेवटचा गट होता.

सरांनी नकाशे पाहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"घोरपडे, हा शांत गट नाही. तू प्राण्यांची अदलाबदल केलीस."

"नाही सर. उजवीकडे खाच आहे, बघा ना. मॅडमनी स्वतः पाडलीय."

"खाच कुणीही पाडेल."

"गोठल्यावर पाडली तर मेंदू तडकतो, सर. हे तुम्हीच शिकवलंय."

ते हसले. "शुक्रवारपर्यंत काय केलंस ते मला लिहून दे. नाही दिलंस तर मी संचालकांना सांगणार की ही मुलगी निकाल बनवते. मग पुण्यातच काय, कुठल्याच प्रयोगशाळेत तुला उभं करणार नाहीत."

एवढं सगळं हळू आवाजात, मुलाला गोष्ट सांगावी तसं. मी बाहेर आले आणि पाण्याच्या पिंपाला लाथ घातली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. न केलेली लबाडी कबूल करायची किंवा चालतं व्हायचं, असा हिशेब होता. घरी काय सांगणार होते? वडिलांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगी डॉक्टर होणार, औषधं देणारी नव्हे, त्यांच्या वरची.

मी एकेक पायरी उलटी तपासत गेले. खाणं तेच, भुसा तोच, पाणी तेच. राहिलं फक्त कापड. गट संपला की घरट्यातले तुकडे पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची आमची पद्धत होती. मी ती पिशवी काढली. निळ्या कुर्त्याचा तुकडा होता. एक कड सरळ कापलेली आणि दुसरी फाटलेली, धागे लोंबणारी. त्या फाटक्या कडेला वीतभर तपकिरी डाग होता. रक्त साध्या पाण्यानं जात नाही, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं.

शांत गटात रक्त कुठून आलं? त्यांनी तर झुंज पाहिलीही नव्हती.

पिशवी घेऊन मी मॅडमकडे गेले. त्या शांत गटातल्या उरलेल्या उंदराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पिंजऱ्यात राखून ठेवलेला तो एकटाच उरला होता. त्यांनी पिशवी पाहिली आणि त्यांचा हात उंदराच्या पाठीवर थांबला.

"नाकातून रक्त आलं होतं," त्या म्हणाल्या. "उन्हाळा आहे. कुर्ता फाटलाच होता, म्हटलं वाया कशाला घालवायचा. चूक झाली माझी."

"मॅडम, मग हेच सरांना सांगूया. माझी सुटका होईल."

"नको."

"का नको? साधी गोष्ट आहे."

"कापडाचं सांगू नकोस त्यांना. मी दुसरं काहीतरी सांगते."

"दुसरं काय सांगणार? शुक्रवारी माझं वाटोळं होणारय आणि तुम्ही नको म्हणताय?" माझा आवाज चढला. मांडीवरचा उंदीर कुर्त्याच्या घडीत शिरला.

"हळू बोल," मॅडम म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या.

दारात सर उभे होते. पहिल्यांदाच त्या खोलीत आलेले. कापड त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे. मॅडमनी पिशवी माझ्या ॲप्रनच्या खिशात कधी कोंबली, ते मलाही कळलं नाही.

"हेमा, तुझ्या हातात काही राहिलं नाही असं दिसतंय," सर म्हणाले. "इतकी वर्षं लाड केलेस यांचे. प्राणी कसा धरायचा ते मी दाखवतो. हा शेवटचा मी धरणार, घोरपडे पातं ओढेल आणि नकाशा निळा येईल. आण तो इकडे."

"अच्युत, त्याला तुमची सवय नाही."

"आण म्हटलं."

मॅडमनी उंदीर पिंजऱ्यात ठेवला आणि त्या बाजूला झाल्या. सरांनी आत हात घातला. माणसाच्या तान्ह्या पोरासारखा चीत्कार त्या उंदरानं काढला. असा आवाज मी झुंजीतही ऐकला नव्हता. भिंतीवर चढला, पडला, फिरला आणि सरांच्या अंगठ्याच्या बेचक्यात दात घालून लटकला.

सरांनी हात वर काढला, उंदरासकट. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुसऱ्या हातानं त्याचं शेपूट धरलं, ओढून काढला आणि स्टीलच्या टेबलावर आपटला. एकदा आपटला तेव्हाच तो मेला. सर आपटत राहिले. टेबलाच्या कडेवरून रक्त टपकायला लागलं, माझ्या ॲप्रनवर उडालं, तरी त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मग तो चेंदा त्यांनी ट्रेमध्ये टाकला आणि रुमालानं अंगठा पुसत वळले.

ते माझ्या बाजूला वळले होते. मॅडमकडे नाही. तरी मॅडमचा डावा हात कोपरात वाकून चेहऱ्यावर आला होता, मान खांद्यात गेली होती आणि त्या पुटपुटत होत्या, "नको, नको, चुकलं माझं, चुकलं माझं."

मी त्या हाताकडे बघत राहिले. तो हात अंगावर येणारं काही पाहून वर गेलेला नव्हता. तो आपणहून गेला होता, रोजच्या सरावानं. उन्हाळा, नाक, फाटलेला कुर्ता, सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं.

"हेमा," सर हळूच म्हणाले, "हात खाली घे. घोरपडे बघतेय."

हात खाली आला नाही. सर दोन पावलं गेले, त्यांनी मनगट पकडलं आणि घट्ट बसलेला नळ फिरवावा तसा तो हात पिळून खाली घेतला. हाड मोडल्याचा आवाज आला. मॅडम ओरडल्या नाहीत. खाली बसल्या फक्त.

पिंजऱ्याचं जाळीचं झाकण चांगलं वजनदार असतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि सरांच्या तोंडावर हाणलं. भुवई उलली, चष्मा भुशात पडला. ते भिंतीला टेकले तेव्हा पुन्हा हाणलं. तिसऱ्यांदाही हाणलं असतं, पण इरफान धावत आला आणि त्यानं मला मागून कवळा घातला. "मरंल की गं तो," इरफान म्हणाला. मरू दे, असं मी म्हणाले. त्या वेळी मला तसंच वाटत होतं आणि आता इतक्या वर्षांनीही मला त्याचं वाईट वाटत नाही.

"इरफान," मॅडम जमिनीवरूनच म्हणाल्या. त्यांचा हात मांडीवर वेड्यावाकड्या कोनात पडला होता. "शांत गटाचे मेंदू फ्रीझरमध्ये आहेत. फ्रीझरला कुलूप लाव आणि किल्ली संचालकांच्या हातात दे. आत्ता. मला मग दवाखान्यात न्या."

शुक्रवारी संचालक नाडगौडांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो. नाडगौडा निवृत्तीला आलेले, पोलिसांची गाडी फाटकाच्या आत येऊ नये एवढीच त्यांची इच्छा. सरांच्या भुवईवर टाके होते. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. मुलगी निकाल बनवताना पकडली गेली, म्हणून तिनं हल्ला केला. पत्नी ओल्या फरशीवरून घसरली. त्यांना माझ्याबद्दल राग नाही, माझ्या भविष्याची काळजी वाटते, पण पोलिसांत तक्रार देणं भाग आहे.

"घोरपडे, तुझं काय म्हणणं?" नाडगौडांनी विचारलं.

मी पाहिलं ते बोलले. सर मान हलवत ऐकत होते, आजारी माणसाचं ऐकावं तसं. नाडगौडा मॅडमकडे वळले. दवाखान्यातून सर त्यांना घरीच घेऊन गेले होते. मधले दिवस मॅडमनी माझा फोन उचलला नव्हता. त्या काय म्हणतील हे मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी फरशीचं नाव घेतलं असतं, तर मी तुरुंगात गेले असते आणि त्या पुन्हा घरी.

प्लास्टरमधला हात त्यांनी टेबलावर ठेवला होता.

"आधी नकाशा वाचू," त्या म्हणाल्या. "भांडण त्यावरून सुरू झालं. किल्ली तुमच्याकडे होती. इरफाननं काल तुमच्या समोर नवा काप घेतलाय. तो कुठल्या प्राण्याचा, ते सरांनी सांगावं. त्यांच्याइतकं कुणी वाचत नाही."

सरांना हेच हवं होतं. इरफाननं लॅपटॉप उघडला. बदामाच्या आकाराची ती जागा निखाऱ्यासारखी दिसत होती. सर खुर्ची पुढे घेऊन बसले आणि त्यांचा आवाज पाहुण्यांसमोर व्हायचा तसा झाला.

"याला शांत म्हणतात का, नाडगौडासाहेब? बघा. हा मार खाल्लेला प्राणी आहे. आणि एकदा नव्हे. इथलं सेरोटोनिन बघा, पार आटलंय. एका झुंजीनं एवढं होत नाही. हा दिवसचे दिवस भीतीत राहिलाय. रोज मार बसलाय याला. नुसतं दार वाजलं तरी थरथरत असणार. असा प्राणी घोरपडेनं शांत म्हणून आमच्या माथी मारला."

"नक्की?" नाडगौडांनी विचारलं.

"मी पैज लावायला तयार आहे."

नाडगौडांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण तुमच्याकडे हरलेले एकदाच झुंजतात ना? मग रोज मार खाणारा प्राणी तुमच्या प्रयोगशाळेत आला कुठून?"

सर पुन्हा पडद्यावर वाकले.

"उजवीकडची खाच माझ्या हातची आहे," मॅडम म्हणाल्या. "तो शांत गटातलाच. त्याला कधी कुणी मारलं नाही, साहेब. तो आठवडाभर फक्त माझ्या कपड्यावर झोपला होता. विजया, दे."

मी पिशवी टेबलावर ठेवली. निळा तुकडा, फाटकी कड, तपकिरी डाग. एवढ्याशा कापडातून एका जिवाची भीती दुसऱ्यात जाते का, हे एका गटावरून सिद्ध होत नाही. कुणी विचारलं तर आजही मी तसंच सांगेन. त्या खोलीत मात्र कुणी विचारलं नाही.

"कापड साध्या पाण्यातून काढायचं असा नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "मी पाळला. कुर्ता कसा फाटला, ते सरांना विचारा. फरशी कोरडी होती."

नाडगौडांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. सरांचे डोळे मॅडमवर होते. मग ते थोडे पुढे वाकले आणि नेहमीच्या आवाजात, अगदी हळू, म्हणाले,

"हेमा."

मी मॅडमच्या हाताकडे पाहिलं. दोन्ही हात टेबलावरच होते.